मृदंगाची थाप आणि शेवटच्या खांबावरची वीज

शिमग्याच्या दिवसांत रत्नागिरी-संगमेश्वरकडच्या वाडीत नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, उभं राहायचं असलं की माइकवाल्याला पहिला प्रश्न येतो तो वॅटचा. अ‍ॅम्प्लिफायर केवढ्याचा आणलास? खांबापासून मंडपापर्यंत वायर कुठली ओढलीस, हे कुणी विचारत नाही. मृदंगाची थाप भरीव येणार की फाटकी, हे मात्र बरंचसं त्या वायरीवर ठरतं.

अ‍ॅम्प्लिफायर स्वतः शक्ती निर्माण करत नाही. माइककडून आलेल्या क्षीण संकेताबरहुकूम तो पॉवर सप्लायमधली वीज स्पीकरकडे सोडतो. नळ कितीही भारी बसवला, तरी पाणी टाकीत असेल तेवढंच येणार. जुन्या वजनदार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही टाकी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डायोडचा ब्रिज आणि मोठाले कपॅसिटर. ५० हर्ट्‌झची वीज ब्रिजमधून गेली की सेकंदाला १०० उसळ्या होतात, आणि दोन उसळ्यांमधला भार कपॅसिटरनं सोसायचा. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून ४ अँपिअर ओढले, तर तेवढ्या वेळात व्होल्टेज चारेक व्होल्टनं उतरतं.

कपॅसिटर पुन्हा भरतो तो लहरीच्या माथ्यावर, काही मिलिसेकंदांत. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर लाइनमधून वीज हिसक्यांनी ओढतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५० मीटर ओढली, तर जाऊन-येऊन सुमारे १.२ ओहम रोध होतो. १० अँपिअरला १२ व्होल्ट तिथंच गेले. हिसक्याला त्याहून जास्त. मल्टिमीटरवर आकडा बरा दिसतो, पण लहरीचा माथा चपटा झालेला असतो, आणि कपॅसिटर भरतो तो नेमका माथ्यावर!

त्यात रोषणाईच्या माळा, हॅलोजन, चहावाल्याची शेगडी एकाच फेजवर. २३० चे १९० झाले की साध्या सप्लायवरचा २०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम १३५ वॅटचा उरतो. कानाला ही घट दोन डेसिबलपेक्षा कमी, म्हणजे किरकोळच वाटते. गौळण त्यात निभावूनही जाते. पण थापेला क्षणभर सरासरीच्या दहापट, कधी त्याहून जास्त शक्ती लागते. ती मिळाली नाही की थापेचा माथा कापला जातो, आवाज फाटतो. मग कुणीतरी ओरडतं, 'आवाज वाढव रे!' तो वाढवतो, आणि आवाज आणखी फाटतो.

घुंई येत असेल तर व्हॉल्यूम शून्यावर आणून पाहावा. तरीही राहिली, तर संशय सप्लायवर घ्यावा. उष्णतेनं कपॅसिटर सुकत जातात. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाली, तर ती माइकच्या वायरीतून किंवा अर्थिंगच्या घोळातून येते.

हल्ली हलके, एसएमपीएसवाले (स्विच-मोड पॉवर सप्लायवाले) अ‍ॅम्प्लिफायर आले आहेत. त्यातले चांगले कमी व्होल्टेजलाही आतला पुरवठा स्थिर ठेवतात. स्वस्तातल्या अनेकांत ही सोय नसते, तेव्हा नुसत्या हलकेपणावर भुलू नये.

आणि स्टॅबिलायझर? रिलेचा स्टॅबिलायझर थापेच्या वेगापुढे फारच सावकाश. शिवाय व्होल्टेज चढवून देताना तो लाइनमधून जास्त अँपिअर ओढतो, म्हणजे बारीक वायरीवरचा तोटा वाढतोच. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली, तर १२ व्होल्टचा तोच तोटा साडेचारवर येतो. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते.