परदेशातून पावसाची चौकशी

सिंधुदुर्गातल्या मालवण, देवगड, वेंगुर्ला या किनारपट्टीतून परदेशी गेलेल्या माणसाचे गावच्या मित्राशी होणारे बोलणे बहुतेक वेळा हवेपासून सुरू होते. फोन दुबईहून असो, मस्कतहून असो की लंडनहून, मे संपत आला की ‘पाऊस पडता काय रे थंय?’ हा प्रश्न आधी येतो आणि तब्येतीची चौकशी मागाहून. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोवस्की यांनी १९२३ साली असे मांडले की हवापाण्याच्या गप्पांत माहितीची देवघेव दुय्यम असते. माणसामाणसांतला संबंध टिकवणे हाच त्यांचा खरा उपयोग. सिंधुदुर्गाच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. इथली पावसाची चौकशी म्हणजे छपराची, भाताच्या तरव्याची, होडीची आणि घरी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांची चौकशी असते.

कोकणातला माणूस पोटासाठी बाहेर पडला तो आधी मुंबईच्या गिरण्यांत आणि जहाजांवर, नंतर आखाती देशांत. गावची घरे मनीऑर्डरीवर चालत आणि पाऊस लागल्याची बातमी पत्रातून कळेपर्यंत लावणी उरकलेली असे. आता ती बातमी चित्रासकट त्याच क्षणी पोहोचते. दुबई आणि मस्कतचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे, कुवेतचे अडीच तास. त्यामुळे संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर गावचा मित्र ओटीवर बसतो, तेव्हा तिकडचा कामावरून परतत असतो.

दोघांच्या हवेतला फरक मोठा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या आंबोलीत त्याच्या दुपटीहून अधिक. लंडनमध्ये वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पडतो, म्हणजे मालवणात एकट्या जुलैत पडतो त्याहून कमी. दुबईत तर वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणून १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत अल ऐन भागात एका दिवसात २५४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुबईचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा चौकशीची दिशा उलटली आणि गावाकडून तिकडे फोन गेले. एवढा पाऊस कोकणाने पुष्कळदा पाहिलेला आहे. पण कोकणात त्याला वाट करून देणारे ओढे, व्हाळ आणि खाड्या आहेत. वाळवंटातल्या शहरात पाणी जाणार कुठे?

ओमानच्या दक्षिणेकडील सलालाह शहरात राहणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर या काळात सलालाहच्या डोंगरांवर धुके आणि रिमझिम आणतात. त्याच प्रवाहाची मुख्य धार सह्याद्रीला अडते आणि कोकणात कोसळते. सलालाहतला मालवणी माणूस आणि त्याचा गावातला मित्र एकाच वाऱ्याविषयी बोलत असतात.

उकाड्याची तुलना फसवी असते. कुवेतमध्ये मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. मालवणात मे महिन्यातही पारा ३४ अंशांच्या फारसा पुढे जात नाही, तरी सुट्टीवर आलेला माणूस घामाने हैराण होतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेत बाष्प भरलेले असले की तो वाळत नाही आणि अंग चिकट राहते. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे म्हणूनच मोलाचे. तिकडे अमिरातीत मात्र १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरची कामे कायद्याने बंद ठेवावी लागतात, आणि घरी आल्यावरचा गारवा यंत्रातून येतो.

सिंधुदुर्गातले जुने घर हा गारवा बांधणीतूनच मिळवते. जांभ्याचे चिरे खाणीतून निघताना मऊ असतात, हवा लागली की कडक होतात. त्यांच्या जाड भिंती दिवसाची उष्णता सावकाश आत येऊ देतात. वर मंगलोरी कौले. बासेल मिशन या मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळुरात त्यांचा कारखाना काढला आणि पुढे ती साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते. उतरते छप्पर पाणी अंगावर धरत नाही, आणि पुढे आलेली पडवी भिंतींना झडीपासून वाचवते. मे महिन्यात शाकारणी होते: कौले चाळायची, फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या, वाऱ्याच्या बाजूला चुडतांचे झाप बांधायचे. सिमेंटचा स्लॅब टाकलेली नवी घरे रात्री उशिरापर्यंत तापलेली राहतात आणि काही वर्षांत गळू लागली की त्यांच्यावर पत्रे चढवावे लागतात. या हवेत कौलारू छप्परच अधिक सुखाचे.

पावसाळ्यातली सुखे साधी असतात आणि परदेशातून त्यांचीच आठवण निघते. न्हाणीत नारळाची सोडणे पेटवून तापवलेले कढत पाणी, उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, कुळथाची पिठी, चुलीच्या वर बांधलेल्या दोरीवर वाळणारे कपडे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला, म्हणून आगोटीच्या आधी सुकी मासळी, गोलमा, सोले, मसाला यांची बेगमी घरात पडायला हवी. यातली बरीचशी परदेशी जाणाऱ्या बॅगेतही जाते. सुका बांगडा भाजणे मात्र बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये जमत नाही. वास जिन्यापर्यंत जातो.

ब्रिटनमधल्या मित्राशी बोलताना ओल हा दोघांचा समान विषय निघतो. तिकडे हिवाळ्यात हीटर लावून खिडक्या मिटल्या की आतले बाष्प थंड काचांवर आणि भिंतींवर जमते, कोपऱ्यांत बुरशी धरते, कपडे वाळत नाहीत. इकडे श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर तीच बुरशी. उपायही एकच, हवा खेळती ठेवणे. उलट १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये कोनिंग्स्बी येथे पारा ४०.३ अंशांवर गेला, तेव्हा ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेल्या घरांत राहणे कठीण झाले.

या गप्पांना काळजीची बाजूही आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत सरकले. कौले उडाली, माड आणि आंबे कोसळले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. फोन लागत नसल्याने परदेशातली माणसे घरची खबर मिळवण्यासाठी शेजारपाजाऱ्यांचे, नातेवाइकांचे क्रमांक शोधत होती. अशा वेळी उपयोगी पडतो तो गावात राहिलेला मित्र. तोच जाऊन घर बघून येतो.

गावोगाव कुलूप लागलेली घरे वाढत असताना ही चौकशी थोडी आधी व्हायला हवी. कौलारू घर एक पावसाळा दुर्लक्षित राहिले तर वासे कुजतात, दोन पावसाळ्यांत भिंतीत पाणी मुरते. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मोसमी पाऊस २०२५ साली २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला होता. तेव्हा बाहेरगावी असलेल्याने मिरगाची वाट न पाहता एप्रिलातच मित्राला फोन करावा, शाकारणीचा माणूस ठरवावा, छपरावर झुकलेल्या फांद्या तोडून घ्याव्यात आणि मजुरीचे पैसे त्याच दिवशी पाठवावेत.