संथ म्हणजे सोपी? पियानोच्या रोमँटिक रचनांविषयीचे गैरसमज

विद्यार्थ्यांच्या पियानो रिसायटलची तारीख ठरली की शोपाँ, शूमान, लिस्ट ही नावं हमखास पुढे येतात. एकोणिसाव्या शतकातलं हे संगीत श्रोत्यांना लगेच भिडतं. पण निवड करताना रचनेची कीर्ती, वेग आणि पानांची संख्या आधी पाहिली जाते. वाजवणाऱ्याच्या हाताचा आणि कानाचा विचार मागाहून होतो.

गैरसमज : संथ रचना सोपी असते.
वस्तुस्थिती : शोपाँचं ई मायनरमधलं प्रेल्यूड (ओपस २८, क्र. ४) जेमतेम २५ बारांचं आहे. उजव्या हाताला मोजके लांब स्वर, डाव्या हाताला एकसारखे कॉर्ड. स्वर लवकर बसतात. खरी मेहनत त्यानंतर. डाव्या हातातले कॉर्ड एकेका स्वरानं खाली उतरतात. ती उतरण ऐकू यायला हवी, पण तिनं मेलडीला झाकता कामा नये. शिवाय पियानोचा स्वर उमटताक्षणी विरू लागतो, त्यामुळे पुढचा स्वर किती जोरात वाजवायचा हे दर वेळी कानानंच ठरवावं लागतं. जलद रचनेत एखादी चूक ओघात निसटून जाते. इथे लपायला जागाच नाही.

गैरसमज : बालपणावरची रचना मुलांसाठीच असणार.
वस्तुस्थिती : शूमानची प्रसिद्ध ‘ट्रॉयमेराय’ ही १८३८ मधल्या, बालपणाच्या दृश्यांवरच्या १३ रचनांच्या संचातली. तो संच म्हणजे मोठ्या माणसानं बालपणाकडे टाकलेली नजर. ‘ट्रॉयमेराय’मध्ये एकाच वेळी अनेक स्वरपंक्ती सांभाळाव्या लागतात. मुलांसाठी शूमाननं १८४८ मध्ये वेगळा ‘अल्बम’ लिहिला. त्यात ४३ रचना आहेत आणि सुरुवातीच्या काही अगदी नवशिक्यालाही जमतात. चायकोव्स्कीनंही १८७८ मध्ये त्याच धर्तीवर मुलांसाठी २४ रचना केल्या.

गैरसमज : रुबाटो म्हणजे लय सोडायची मुभा.
वस्तुस्थिती : शोपाँच्या शिष्यांच्या आठवणींनुसार तो डाव्या हाताला लय सांभाळायला लावत असे, मोकळीक होती ती उजव्या हातातल्या मेलडीला. तबल्याचा ठेका स्थिर असताना गायकानं शब्द मागेपुढे करावेत, तसं हे.

गैरसमज : पेडल दाबलं की चुका झाकल्या जातात.
वस्तुस्थिती : उजवं पेडल सगळे डॅम्पर तारांवरून उचलतं, म्हणजे चुकीचा स्वरही रेंगाळतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये तर आणखीच.

गैरसमज : छाप पाडायची तर ‘फँटसी-इम्प्रॉम्प्टू’ किंवा ‘लीबेसट्राउम’च हवं.
वस्तुस्थिती : शोपाँच्या ‘फँटसी-इम्प्रॉम्प्टू’त उजव्या हाताच्या चार स्वरांसमोर डाव्याचे तीन येतात, तेही भरधाव. लिस्टच्या तिसऱ्या ‘लीबेसट्राउम’मध्ये मेलडी एका हातातून दुसऱ्यात जाते आणि मध्ये अवघड कॅडेन्झा येतात. पियानोवर एका अष्टकाचं अंतर सुमारे १६.५ सेंटिमीटर असतं. लहान हाताला तेवढं ताणून सतत वाजवणं त्रासाचं ठरू शकतं.

पर्याय भरपूर आहेत. ग्रीगच्या ‘लिरिक पीसेस’ तब्बल ६६, मेंडेल्सोनची ‘शब्दांविना गीतं’ ४८. ग्रीगच्या संग्रहातली पहिली रचना ‘आरिएत्ता’ (१८६७) लहान आणि गोड आहे. १९०१ मधल्या शेवटच्या रचनेत तीच धून वॉल्ट्झ होऊन परत येते. या दोन रचना लागोपाठ वाजवल्या, तर त्यांचं नातं श्रोत्यांच्याही सहज लक्षात येतं.

गैरसमज : पाठ नसेल तर वादन अपुरं.
वस्तुस्थिती : पाठ वाजवण्याची प्रथा क्लारा शूमान आणि लिस्ट यांच्या काळात रुजली. मुंबई, पुणे, गोव्यातले विद्यार्थी देतात त्या एबीआरएसएमच्या पियानो परीक्षांतही पाठांतराची सक्ती नाही.

म्हणून रचना ठरवण्याआधी शिक्षकांनी तिचं सर्वांत अवघड पान विद्यार्थ्याकडून संथ लयीत वाजवून घ्यावं. हात आखडत असेल किंवा लय तुटत असेल, तर ती रचना पुढच्या वर्षासाठी ठेवावी.