'स्काऊट', 'गाईड' आणि 'बालवीर' : एका चळवळीची परिभाषा

अजिंठ्याच्या लेण्यांजवळील फर्दापूर गावी 'गाईड' हा शब्द उच्चारला, की प्रवाशांस लेणी दाखविणारा माणूस ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतो. शालेय परिभाषेत मात्र हाच शब्द गणवेशधारी, प्रतिज्ञाबद्ध मुलीचा वाचक आहे. स्काऊट-चळवळीचे सभासद आज जगभर पाच कोटींहून अधिक आहेत. युवकांच्या घडणीत ह्या चळवळीचे नेमके कार्य कोणते, ह्या प्रश्नावर तिच्या परिभाषेचा इतिहास बराच प्रकाश टाकतो.

'स्काऊट' हा मुळात लष्करी शब्द. शत्रूची वार्ता काढण्यास पुढे जाणारा सैनिक, हा त्याचा रूढ अर्थ. आणि त्याची व्युत्पत्ती प्राचीन फ्रेंचमधील 'ऐकणे' ह्या अर्थाच्या क्रियापदापर्यंत पोहोचते. चळवळीचे प्रवर्तक बेडन-पॉवेल ह्यांनी १८९९ मध्ये सैनिकांसाठी लिहिलेली हेरगिरीची पुस्तिका इंग्लंडमध्ये मुले व शिक्षकही वाचू लागले. तेव्हा १९०७ साली ब्राउनसी बेटावर निरनिराळ्या सामाजिक थरांतील सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवून त्यांनी ह्या विद्येचा शांततेच्या काळातील उपयोग पडताळून पाहिला. पुढील वर्षी मुलांसाठी स्वतंत्र पुस्तक निघाले. शब्द तोच राहिला. त्यातील शत्रू मात्र गळाला आणि निरीक्षण शिल्लक राहिले.

ह्या परिभाषेतील भारतीय अंश विशेष लक्षणीय आहे. १९१० मध्ये मुलींच्या शाखेस दिलेले 'गाईड' हे नाव भारताच्या वायव्य सरहद्दीवरील 'कोअर ऑफ गाईड्स' ह्या प्रसिद्ध पलटणीवरून घेतलेले आहे. १९१६ मध्ये लहान मुलांसाठी 'कब' शाखा निघाली. तिच्या नायकास 'अकेला' म्हणतात. हे किप्लिंगच्या 'जंगल बुक'मधील शिवनीच्या रानातल्या लांडग्याचे नाव होय. मराठीतील 'एकला' ह्याच शब्दाचा हा हिंदी भाऊबंद युरोपातील मुलांच्याही तोंडी रुळला. मांडलेल्या वस्तू क्षणभर पाहून, त्या झाकल्यावर आठवून सांगण्याचा खेळही किप्लिंगच्याच 'किम' ह्या कादंबरीवरून ओळखला जातो.

भारतात १९०९ मध्ये बंगलोर येथे पहिले पथक निघाले, परंतु ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते. भारतीय मुलांना प्रवेश नसल्यामुळे १९१६ मध्ये मद्रास येथे अ‍ॅनी बेझंट ह्यांनी स्वतंत्र संघटना काढली; अलाहाबादेस मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी ह्यांच्या पुढाकाराने सेवा समितीची संघटना उभी राहिली. तिच्या नावातच 'सेवा' हा शब्द होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी ह्या संघटनांचे 'भारत स्काऊट्स अँड गाईड्स' ह्या संस्थेत विलीनीकरण झाले. १९५१ मध्ये मुलींची संघटनाही तीत सामील झाली.

हिंदीने 'स्काऊट'साठी 'बालचर' हा शब्द योजला. त्यातील 'चर' म्हणजे हिंडून वार्ता आणणारा. मूळ अर्थ येथे टिकला. मराठीने 'बालवीर' व 'वीरबाला' हे शब्द स्वीकारले. ते श्रुतिमधुर असले, तरी त्यांनी भर निरीक्षणावरून शौर्यावर सरकविला. नावाप्रमाणे अपेक्षा घडते. गणवेश, संचलन व मानवंदना ह्यांनाच चळवळ समजण्याचा धोका ह्यातून संभवतो. वस्तुतः तिचे मर्म सहा-आठ मुलांच्या तुकडीत आहे. तुकडीचा नायक त्यांच्यातलाच असतो. पाणी, जळण, स्वयंपाक, वाट ह्यांची जबाबदारी मुले वाटून घेतात. प्रौढ मनुष्य जवळ असतो, पण काम हिसकावून घेत नाही. चूक मुलांची, ती निस्तरणेही मुलांचेच. स्वावलंबन आणि सहकार्य हे गुण उपदेशाने येत नाहीत. ते अशा व्यवहारातून अंगी मुरतात.

फर्दापूरच्या परिसरात अशी तुकडी काय करील, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. वाघूर नदीचे पात्र ऋतूंनुसार कसे बदलते, डोंगराच्या कोणत्या अंगास झाडी दाट आहे, वाट चुकलेल्या प्रवाशास कोणत्या खुणा सांगाव्या, हे तिने स्वतः पाहून टिपावे. असे करणारा मुलगा किंवा मुलगी 'गाईड' ह्या शब्दाच्या दोन्ही अर्थांस पात्र ठरेल.

'बालवीर' हा शब्द आता रूढ आहे. तो बदलण्याचे प्रयोजन नाही. तथापि मराठीत 'हेरणे' हे नेमके क्रियापद आहे. गुण हेरावा, वाट हेरावी, दुसऱ्याची अडचण त्याने बोलण्यापूर्वीच हेरावी. वीरत्वाला ह्या हेरण्याची जोड मिळाली, तरच त्या शब्दात चळवळीचा मूळ अर्थ पुन्हा भरला जाईल.