सड्यावरचं उलटं पाणी

सडावाघापूरच्या कड्यावर ऐन पावसाळ्यात उभं राहिलं की पाऊस खालून येतो. छत्री कुचकामी. प्लास्टिकचा रेनकोट आधी गुडघ्याशी फुगतो, मग थेट तोंडावर येतो. पाटण तालुक्यातल्या या सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, ओहोळ दरीत झेपावतो आणि तुषार होऊन पुन्हा माथ्यावर येतो. लोक याला उलटा धबधबा म्हणतात. खरं तर पाण्याचा यात काही पराक्रम नाही. वळतो तो वारा.

अरबी समुद्रावरून आलेल्या मोसमी वाऱ्याला कडा आडवा आला की वर चढण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. त्यात घळ निमुळती असेल तर तेवढीच हवा कमी जागेतून घुसते आणि वेग आणखी वाढतो. आता थेंबाकडे पाहू. शांत हवेत २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने पडतो, ५ मिलिमीटरचा टपोरा थेंब नऊ मीटरने. हवा याहून वेगाने वर येत असेल तर थेंब तिच्याबरोबर निघतो. नऊ मीटर म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर, घाट चढणाऱ्या एसटीचा वेग! वारा पडला किंवा ओहोळ फार फुगला की मात्र धार निमूट खाली जाते आणि लांबून आलेली मंडळी हिरमुसतात.

महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून सावित्रीच्या खोऱ्यात टाकलेली हलकी वस्तू परत वर येते, तीही याच न्यायाने. साताऱ्यात वनकुसवड्याला आणि सांगलीत गुढे पाचगणीला पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या अशाच उघड्या पठारांवर. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली ऊर्जा आठपट होते.

अंगावरचा रेटा मात्र चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात तो ढोबळ हिशेबाने चार किलो वजनाइतका असतो, ताशी ७२ ला सोळा. चालणारा नकळत वाऱ्यावर रेलतो. झोत अचानक थांबला की तोल जातो तो दरीकडेच. शिवाय धारदार कड्यावरून वारा उसळून वर निघून जातो आणि काठाच्या लगेच मागे, जमिनीलगत, उलटा भोवरा तयार होतो. तिथे हवा शांत वाटते, म्हणून माणसं नेमकी तिथेच फोटोला उभी राहतात. अशा जागी खाली बघा. वारा दरीकडून येत असला, तरी गवताची पाती दरीकडे झुकलेली दिसतील.