उस्तादांची नवी शाळा

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या मुहूर्तावर आमच्या घरी विजेवर चालणारी स्कूटर आली. सौभाग्यवतींनी तिला हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवले आणि पहिला पेढा देवापुढे ठेवून दुसरा माझ्या हाती दिला. ''हा मिस्त्रींना देऊन या,'' म्हणाल्या. ते बरोबरच होते. एकतीस वर्षे आमच्या घरातल्या प्रत्येक दुचाकीची नाडी ज्यांनी पाहिली, त्यांना नव्या पाहुण्याची खबर नको का द्यायला?

कोथरूडच्या एका बोळात मिस्त्रींचा दहा बाय बाराचा गाळा आहे. भिंतीवर पान्यांची रांग, कोपऱ्यात रॉकेलच्या वासाचा पत्र्याचा ट्रे, देवाच्या तसबिरीशेजारी टायर कंपनीचे कॅलेंडर. मिस्त्रींनी पेढा तोंडात टाकला, हात पुसले, स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ''साहेब, गाडी झकास आहे. फक्त एक करा, ही माझ्याकडे आणू नका.''

''का हो?''

''यातलं मला काही कळत नाही. आणि जे कळत नाही त्याला मी हात लावत नाही.''

त्या दिवशी पेढ्याची गोडी माझ्यापुरती तरी संपली. आपण पेट्रोल वाचवायला गेलो आणि एका माणसाच्या पोटावर पाय दिला की काय, असे वाटत राहिले.

मिस्त्री आठवी शिकून १९८८ साली साताऱ्याकडून पुण्यात आले. पहिले वर्ष उस्तादाच्या हाताखाली नुसते सुटे भाग धुण्यात गेले. मग पंक्चर, मग प्लग, मग कार्बोरेटर. इंजिन खोलायला मिळाले तेव्हा तीन वर्षे उलटली होती. हीच त्यांची शाळा आणि हेच कॉलेज. आज त्यांच्याकडे दोन पोरे शिकतात आणि त्यांनाच 'उस्ताद' म्हणतात.

पुण्याला दुचाकींचे शहर म्हणतात ते उगीच नाही. १९७२ साली 'चेतक' आणि 'लूना' दोन्ही आल्या आणि त्यांच्या मागोमाग गल्लोगल्ली अशी गॅरेजे उभी राहिली. पुढे १९८४मध्ये बिनगिअरची 'कायनेटिक होंडा' आली, तेव्हा जुन्या मिस्त्रींनी नाके मुरडली, पण पट्ट्याचे तंत्र शिकून घेतले. बजाजने डिसेंबर २००९मध्ये स्कूटरचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. मिस्त्री मोटारसायकलींवर वळले. एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे 'बीएस-सहा' नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मिस्त्रींनी कर्ज काढून दोष शोधणारा स्कॅनर घेतला. म्हणजे हा माणूस शिकायला घाबरणारा नव्हे.

मग या वेळी त्यांनी हात का आखडला? एका संध्याकाळी त्यांनीच हिशेब मांडला. ''साहेब, माझ्याकडे दहा गाड्या आल्या तर सहा येतात ऑइल, प्लग, क्लच नाहीतर सायलेन्सरसाठी. तुमच्या नव्या गाडीत यातलं काय आहे?'' काहीच नाही! उरले ते ब्रेक, टायर, बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि वायरिंग. त्यातही मोटरच गाडीचा वेग ओढून धरते आणि थोडी वीज बॅटरीत परत पाठवते, म्हणून ब्रेकसुद्धा कमी झिजतात. गाडीवाल्याला ही चैन. गॅरेजवाल्याने खायचे काय?

प्रश्न एकट्या मिस्त्रींचा नाही. त्यांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात इंजिनाच्या सुट्या भागांवर काम करतो, तेही कंत्राटी. तिथे विजेच्या गाड्यांचे प्रशिक्षण सुरू झाले, पण नावे लागली ती कायम कामगारांची. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर व्हॉल्व्हचे भाग कातणारे छोटे कारखानदार आहेत, त्यांच्यापुढेही हेच कोडे आहे. देशाने २०३०पर्यंत नव्या गाड्यांपैकी ३० टक्के विजेवरच्या असाव्यात असे लक्ष्य ठेवले आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतात अशा ११ लाखांहून अधिक दुचाकी विकल्या गेल्या. खुद्द 'चेतक' २०२० साली आणि 'लूना' २०२४ साली विजेवर चालत परत आली. जुन्या मैत्रिणी नव्या साडीत दारात उभ्या राहिल्या. ओळख नाही असे म्हणून चालणार थोडेच?

सरकारदरबारी काहीच झाले नाही असेही नाही. आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आला आहे. महाराष्ट्रात चारशेच्या वर शासकीय आयटीआय आहेत, त्यामुळे दहावी झालेल्या मुलामुलींना हा रस्ता खुला आहे. पण आठवी शिकलेल्या बावन्न वर्षांच्या उस्तादाने कुठे जायचे? त्याने दोन वर्षे गाळ्याला कुलूप लावायचे का? अशांसाठी पूर्वी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे, आणि वाहन उद्योगाच्या कौशल्य परिषदेचे छोटे अभ्यासक्रमही आहेत. अडचण एवढीच, की ही बातमी बोळातल्या गाळ्यापर्यंत पोहोचत नाही.

ती पोहोचवण्याचे काम मी अंगावर घेतले. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि माझ्या मनात ती पेढ्याची टोचणीही होती. चार ठिकाणी चौकशा केल्यावर एका केंद्रात संध्याकाळचा तीन आठवड्यांचा वर्ग सापडला. मिस्त्री आढेवेढे घेऊ लागले. ''पोरांच्या शेजारी बसू का आता? हसतील मला.'' शेवटी मी म्हणालो, ''मीही येतो तुमच्याबरोबर.'' आणि खरेच गेलो.

शिकवणारा मुलगा तिशीच्या आतला, इंजिनिअर झालेला. पहिल्या दिवशी त्याने एकाही पान्याला हात लावू दिला नाही. ''आधी अंगठी, घड्याळ, साखळी काढा,'' म्हणाला. मग त्याने समजावले ते असे. पेट्रोलची टाकी रिकामी करता येते, बॅटरी तशी करता येत नाही. किल्ली काढून खिशात टाकली तरी आत वीज असतेच. एकेका सेलचा दाब साडेतीन-पावणेचार व्होल्टच, पण असे कितीतरी सेल जोडून स्कूटरची बॅटरी साधारण ४८ ते ७२ व्होल्टची होते. मोटारीत हाच आकडा तीनशे-चारशेच्या घरात जातो. साठ व्होल्टच्या पुढची अशी वीज धोक्याची मानतात. बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून लोखंडी पाना पडला, तर क्षणात एवढा प्रवाह वाहतो की पाना तिथेच चिकटून लाल होतो.

मोटारीतल्या नारिंगी रंगाच्या तारा म्हणजे 'हात लावू नका' ही पाटी. काम करायचे तर बॅटरीचा संबंध तोडायचा, काही मिनिटे थांबायचे, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. मग रबरी हातमोजे घालून मीटरवर शून्य पाहायचे आणि त्यानंतरच पुढचे काम. मिस्त्री माझ्या कानाशी कुजबुजले, ''साहेब, तीस वर्षं मी हात लावून बघत आलो. आता बघून हात लावायचा.''

सगळेच गोड होते असे नाही. पुस्तिका इंग्रजीत, परीक्षा संगणकावर. 'इन्सुलेशन रेझिस्टन्स' असा शब्द आला की मिस्त्री वही मिटून बसत. मी रात्री घरी त्यांना त्याचे मराठी करून देई. हातांना येणारी विद्या भाषेपायी अडावी, हे मला बरे वाटले नाही. चाळीस वर्षांचा कारागीर शिकायला येतो तेव्हा धडा त्याच्या भाषेत असावा, ही काही मोठी मागणी नव्हे.

दुसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. वर्गातल्या स्कूटरच्या मोटरमधून घरघर येत होती. संगणकावर दोष दिसेना, शिक्षकही विचारात पडले. मिस्त्री उठले, बॅटरी सोडवलेली असल्याची मीटरवर खात्री केली, लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक मोटरच्या कवचाला लावले, मूठ कानाला टेकवली आणि एका मुलीला म्हणाले, ''बाळ, चाक हातानं फिरव जरा.'' दोन फेऱ्या झाल्या. ''बेअरिंग गेलंय. डाव्या अंगाचं.'' उघडून पाहिले तर तसेच! ''काका, हे आम्हाला शिकवा,'' शिक्षक म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास फळ्यापुढे मिस्त्री उभे होते.

शिक्षणाची खरी परीक्षा मात्र गाळ्यातच झाली. मोठा पाऊस होऊन गेला होता. रात्रभर पाण्यात उभी राहिलेली एक ई-स्कूटर कुणी ढकलत आणली. उस्ताद जेवायला गेलेले, गिऱ्हाईक घाईत. थोरल्या पोराने पाना घेऊन बॅटरीच्या डब्याचे दोन स्क्रू काढलेसुद्धा. मिस्त्री परतले ते ओरडतच. पोराला मागे ओढले, गाडी उघड्यावर भिंतीपासून दूर उभी करवली आणि कंपनीच्या सेवा केंद्राला फोन लावला. मार्च २०२२मध्ये पुण्यात रस्त्यावर पेटलेल्या ई-स्कूटरची चित्रे आपण सर्वांनी पाहिली होती. त्यानंतर डिसेंबर २०२२पासून बॅटरीच्या चाचण्यांचे नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले. तरीही पाणी शिरलेली बॅटरी आतून केव्हा तापेल याचा नेम नसतो. गिऱ्हाईक कुरकुरत निघून गेले. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, ''महिन्यापूर्वी मीच उघडली असती साहेब. आणि हा पोरगा माझ्या शेजारी उभा असता.''

प्रमाणपत्र आले, फोटोसकट. आयुष्यातले पहिलेच. ते देवाच्या तसबिरीशेजारी लागले आहे. म्हणून सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. मुलाचे कंत्राट अजून तीन-तीन महिन्यांनी वाढते. काही कंपन्या आपल्या गाडीचे सॉफ्टवेअर बाहेरच्या मिस्त्रीला उघडू देत नाहीत. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये संकेतस्थळ सुरू केले, पण बोळातल्या गाळ्याला तो हक्क हाती यायला अजून अवकाश आहे. गाड्यांवर अनुदान मिळाले, चार्जिंगची केंद्रे उभी राहिली. तसाच थोडा खर्च या हातांवरही व्हायला हवा, आणि तोही संध्याकाळच्या वेळी, मराठीत, घराजवळ.

परवा माझ्या स्कूटरचा मागचा ब्रेक लागेनासा झाला. मी ती मिस्त्रींकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी घड्याळ काढून खिशात ठेवले, मग पोराला हाक मारली, ''मीटर आण रे.'' वीस मिनिटांत काम झाले. मी पाकीट काढले तर म्हणाले, ''राहू द्या साहेब.''

मी पैसे देऊनच आलो. आता ती गाडी त्यांच्याकडेच जाते.