दोष बॅटरीचा की डोंगराचा?

माझा मोबाइल महाडच्या बाजारात सकाळी भरला की रात्रीपर्यंत पुरतो. तोच पोलादपूर तालुक्यात, कापड्याला मावशीकडे नेला की दुपारीच मान टाकतो. मावशी म्हणाली, "बॅटरी गेली रे तुझी, नवी टाक." पण दोष बॅटरीचा नव्हता, डोंगराचा होता.

टॉवर लांब किंवा आडोशाला असला की फोनला तिथवर पोचायला जास्त जोर लावावा लागतो. रेंज तुटली की तो पुन्हा पुन्हा शोधत बसतो. नुसता खिशात असला तरी दमतो.

म्हणून आधी सेटिंगमध्ये 'बॅटरी' उघडा आणि कोण किती खातंय ते पाहा. घरात जिथे एखादी काडी दिसते, त्या खिडकीत फोन ठेवा. रेंज नाहीच, तिथे विमानाचं चिन्ह दाबा. ५जी येत-जात असेल तर ४जीवरच राहा. स्क्रीनचा उजेड कमी, लोकेशन गरजेपुरतं.

एवढं करूनही बाजारात आणि गावात सारखीच उतरत असेल, तर मात्र बॅटरी म्हातारी झाली. साधारण ५०० वेळा पूर्ण भरली-उतरली की तिचा दम कमी होतो. फुगली असेल तर लगेच बदला.

२२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्यात होतं आणि तळियेत दरड कोसळली. अशा पावसात वीज आधी जाते. तेव्हा राखलेले वीस टक्के म्हणजे रेंज सापडताच ११२ ला लावायचा फोन असतो.