भयपटांतील नायिका
भयपटांतील नायिका : भीती निर्माण करणे हा प्रधान हेतू असलेल्या चित्रपटांतील प्रमुख स्त्रीव्यक्तिरेखा. पडद्यावरील भय प्रेक्षकांपर्यंत बहुधा नायिकेच्या मुद्रेतून व किंकाळीतून पोहोचते. म्हणून तिच्या चित्रणाला या चित्रपटप्रकारात विशेष महत्त्व आहे.

मूर्नाऊच्या नोस्फेराटू (१९२२) या जर्मन मूकपटातील एलेन आत्मबलिदानाने रक्तपिपासू पिशाचाचा नाश करते. पुढे अमेरिकन चित्रपटांत मात्र संकटग्रस्त व परावलंबी नायिका रूढ झाली. किंग काँग (१९३३) मधील फे रे हिची भूमिका हे तिचे ठळक उदाहरण होय. कॅट पीपल (१९४२) मध्ये नायिकेला स्वतःमधील हिंस्र पशूचेच भय वाटते. हिचकॉकच्या सायको (१९६०) मध्ये जॅनेट ली हिने साकारलेल्या नायिकेची चित्रपटाच्या मध्यापूर्वीच हत्या होते. जॉन कार्पेंटरच्या हॅलोवीन (१९७८) मध्ये जॅनेटचीच कन्या जेमी ली कर्टिस हिची लॉरी विणण्याच्या सुईने मारेकऱ्याचा प्रतिकार करते. तरी अखेर तिला वाचवतो तो एक पुरुषच. एलियन (१९७९) मधील रिप्ली मात्र एकटीच परग्रहावरील प्राण्याचा निःपात करते.

अशा चित्रपटांच्या लाटेवर जीन सिस्केल व रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकांनी १९८० मध्ये दूरचित्रवाणीवरून कठोर टीका केली. मारेकऱ्याच्या नजरेतून घडविलेले हिंसादर्शन प्रेक्षकाला त्याच्या बाजूस उभे करते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. हॅलोवीनची मात्र त्यांनी प्रशंसा केली. लिंडा विल्यम्स यांनी १९८४ मध्ये असे दाखविले, की भयपटात धीटपणे पाहणाऱ्या स्त्रीला शिक्षा होते आणि पुरुषी दृष्टीला ती व राक्षस ही दोन्ही सारखीच परकी वाटतात. कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मधील निबंधात शेवटी जिवंत उरणाऱ्या नायिकेस ‘फायनल गर्ल’ ही संज्ञा दिली. संयमी, सावध व काहीशी मुलासारखी अशी ही नायिका असते. आरंभी मारेकऱ्याच्या नजरेने पाहणारा, बहुतांशी तरुण पुरुष असलेला प्रेक्षकवर्ग अखेरीस तिच्याशी तादात्म्य पावतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तथापि या नायिकेला स्त्रीमुक्तीचे प्रतीक मानण्यास त्यांनी विरोध दर्शविला. बार्बरा क्रीड यांनी १९९३ मध्ये, भयपटातील स्त्री केवळ बळी नसून भयाचे मूळही असते, याकडे लक्ष वेधले.

नायिकांच्या अभिनयाची दखल ऑस्कर पुरस्कारांनीही घेतली. कॅरी (१९७६) साठी सिसी स्पेसेक व एलियन्स (१९८६) साठी सिगर्नी वीव्हर यांना नामांकन मिळाले, तर द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स (१९९१) साठी जोडी फॉस्टर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार लाभला. तथापि नायिकेच्या अखेरच्या विजयाने तत्पूर्वी रंजनासाठी दाखविलेल्या तिच्या छळाचे समर्थन होते काय, या प्रश्नावर समीक्षकांत एकमत नाही.